पेटीची किल्ली कोणाकडे?

आज एका मतदान यंत्राची गोष्ट सांगते, आणि ती पुणे शहरातलीच आहे.

पर्वती हा पुण्यातला विधानसभा मतदारसंघ. ऑक्टोबर २०१४ मध्ये तिथं निवडणूक झाली आणि माधुरी मिसाळ निवडून आल्या. हरलेल्या उमेदवारांपैकी अभय छाजेड मुंबई उच्च न्यायालयात गेले. यंत्रात फेरफार झाला, असं त्यांचं म्हणणं होतं. निवडणुकीच्या याचिका आपल्याकडं कशा चालतात ते तुम्हाला माहीत आहे. मे २०१७ मध्ये न्यायमूर्ती मृदुला भाटकर यांनी आदेश दिला, की यंत्र हैदराबादच्या केंद्रीय न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवा आणि उघडून तपासा. मतदान यंत्र न्यायालयाच्या हुकमानं असं प्रयोगशाळेत जाणं ही तेव्हा मोठी बातमी होती. तपासणी झाली, अहवाल आला: यंत्रात कसलाही फेरफार आढळला नाही.

या एका अहवालावर दोन्ही बाजूंना आपापलं घोडं पुढं दामटता येतं. एक म्हणतो, बघा, यंत्र स्वच्छ निघालं, विषय संपला. दुसरा म्हणतो, तपासायलाच तीन वर्षं लागली, तोवर आमदारकीची निम्मी मुदत उलटून गेली, मग उपयोग काय? माझ्या मनात मात्र तिसराच प्रश्न येतो. पर्वतीतल्या एखाद्या साध्या मतदार बाईला आपलं मत नीट मोजलं गेलं की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पडताळायचं असतं, तर तिला काय करता आलं असतं? काहीच नाही. आधी तिनं यंत्रावर विश्वास ठेवायचा आणि मग हैदराबादवर.

आपल्या बचत गटात असं चालत नाही. पेटी एकीकडं, किल्ली दुसरीकडं, वही तिसरीकडं. महिन्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर पेटी उघडायची, पैसे मोजायचे, वहीशी ताळा जुळवायचा. आपण अध्यक्षबाईंवर अविश्वास दाखवतो म्हणून हे करत नाही. उलट उद्या कुणी त्यांच्यावर बोट ठेवू नये म्हणून करतो. माहितीची सुरक्षा म्हणून शहरात जे मोठमोठे शब्द वापरतात, त्यांचा गाभा एवढाच आहे. हे डोक्यात ठेवून आपण जरा मागं जाऊ.

देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ ची. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची आणि मतपत्रिका त्या त्या पेटीत टाकायची. या लोखंडी पेट्यांपैकी बारा लाखांहून जास्त पेट्या मुंबईजवळच्या विक्रोळीत, गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. बाहेरून कुलूप लावायला पैसाही जास्त लागला असता आणि कुलूप फोडायला कुणीही आलं असतं, म्हणून कडी-कुलूप पेटीच्या आतच बसवलं होतं.

पण त्या निवडणुकीत बायकांचं जे सर्वात मोठं नुकसान झालं, ते पेटी फोडून झालं नाही. मतदार यादी करणारे दारात आले, तेव्हा उत्तरेकडच्या राज्यांत लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगितलं. पहिले निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी घ्यायला नकार दिला, आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. पेट्या मजबूत होत्या, कुलपं आतून होती, पण यादीत नावच नाही तर पेटीपर्यंत पोचणार कोण? यादीच्या या प्रश्नाकडं मी पुन्हा येणार आहे.

कागदी मतपत्रिकेचे दिवस काही सोन्याचे नव्हते. केंद्र ताब्यात घ्यायचं, शिक्के मारायचे आणि गठ्ठेच्या गठ्ठे पेटीत कोंबायचे, हे कितीतरी ठिकाणी झालं. शिक्का दोन खुणांच्या मध्ये पडला की मत बाद. म्हणून यंत्र आलं. पहिला प्रयोग मे १९८२ मध्ये केरळातल्या परूर मतदारसंघात, ५० मतदान केंद्रांवर झाला. तिथला हरलेला उमेदवार १२३ मतांनी हरला होता. तो न्यायालयात गेला, आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कायद्यात यंत्राची तरतूदच नाही, त्या ५० केंद्रांवर पुन्हा मतदान घ्या. फेरमतदानात निकाल फिरला. म्हणजे आपल्याकडं यंत्र आणि खटला जन्मापासून जुळेच आहेत! मग १९८९ मध्ये कायदा बदलला, १९९८ मध्ये काही मतदारसंघांत यंत्रं वापरली, आणि २००४ च्या लोकसभेला देशभर यंत्रावर मतदान झालं.

या यंत्राचे दोन भाग. आपण बटण दाबतो ते मतदान युनिट, आणि अधिकाऱ्याच्या टेबलावर असतं ते कंट्रोल युनिट. मतं साठतात ती कंट्रोल युनिटमध्ये. दोन्हींना इंटरनेट नाही, मोबाइल नाही. एका मिनिटात चार-पाच मतंच घेतं, म्हणून केंद्र बळकावलं तरी धडाधड मतं टाकता येत नाहीत. आयोग सुरुवातीपासून सांगत आला की हे यंत्र कुणालाही लांबून हलवता येणार नाही. ते मला पटतं. पण लांबून हलवता येत नाही म्हणजे जवळ जाऊनही हलवता येत नाही, असं होत नाही.

ते जवळ जाणं २०१० मध्ये घडलं. हैदराबादचे हरी प्रसाद, अमेरिकेतले प्राध्यापक अॅलेक्स हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे रोप गोंग्रीप यांनी एक खरं यंत्र मिळवून उघडलं. त्यांनी दोन गोष्टी करून दाखवल्या. एक, निकालाचे आकडे दाखवणारी पट्टी काढून तशीच दिसणारी खोटी पट्टी बसवायची. आत मतं बरोबर, पण पट्टी हव्या त्या उमेदवाराला जास्त आकडा दाखवणार. दुसरं, साठवणीच्या चिपवर चिमट्यासारखं छोटं उपकरण लावून मतंच बदलायची. दोन्हींसाठी यंत्र हातात यावं लागतं, तेही उघडून. आयोगाचं उत्तर हेच होतं: आम्ही यंत्र कुणाच्या हातात येऊच देत नाही. पण हे यंत्र तर मुंबईतल्या जुन्या कस्टम हाऊसमधल्या सरकारी साठ्यातून गेलं होतं. ऑगस्ट २०१० मध्ये हरी प्रसाद यांना चोरीच्या आरोपाखाली अटक झाली, आठवडाभरात ते जामिनावर सुटले. चोरीचा गुन्हा हा गुन्हाच. पण घराची कडी सैल आहे असं सांगणाऱ्याला आधी धरलं आणि कडीचं नंतर बघू म्हटलं, असं काहीसं झालं.

खोट्या पट्टीची ही युक्ती नीट लक्षात ठेवा, कारण आठ वर्षांनी पुण्यात तशीच एक चोरी झाली, ती बँकेत.

कॉसमॉस ही १९०६ सालची पुण्याची सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. जगातल्या २८ देशांमधल्या एटीएममधून लोक बनावट कार्डं घालून पैसे काढत होते, आणि प्रत्येक वेळी एटीएमला उत्तर मिळत होतं, ‘हो, खात्यात पैसे आहेत, द्या.’ आपण कार्ड घातलं की एटीएम बँकेच्या मुख्य संगणकाला विचारतं. चोरांनी मध्ये आपला एक तोतया बसवला होता. प्रश्न बँकेपर्यंत पोचतच नव्हता. तोतयाच उत्तर देत होता. कोल्हापुरातल्या एटीएममधूनही असे पैसे निघाले. सोमवारी आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण फटका ९४ कोटींच्या वर. ग्राहकांच्या खात्यातून काही गेलं नाही, बँकेचं गेलं. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना शिक्षा सुनावली. ते एटीएमपाशी उभे राहणारे हस्तक होते, तोतया बसवणारे समुद्रापलीकडचे.

यंत्रावरची खोटी पट्टी आणि बँकेतला तोतया, कल्पना एकच. आपला शब्द आणि खरी वही यांच्या मध्ये कुणीतरी उभं राहायचं आणि वहीच्या नावानं बोलायचं.

बँकेत निदान ताळा लागतो. माझ्या खात्यातून पाचशे कमी झाले तर पासबुक घेऊन मी काउंटरवर जाऊ शकते, कारण त्या नोंदीवर माझं नाव आहे. मतावर नाव नसतं आणि नसायलाच हवं. मोठमोठे शास्त्रज्ञ अडतात ते इथंच. काही बायका मला विचारतात, ‘ताई, दुकानदारासारखी मताचीही पावती घरी का देत नाहीत?’ विचार करून बघा. पावती पदरात घेऊन घरी आलात, तर दारातच कोण हात पुढं करेल? सासरा, नवरा, सरपंचाचा माणूस, गटाला कर्ज मिळवून देणारा पुढारी. ‘दाखव कुणाला दिलंस.’ मतदान खोलीतला तो पुठ्ठ्याचा आडोसा म्हणजे कितीतरी बायकांच्या आयुष्यातली एकमेव जागा, जिथं घरचं कुणी मागून बघत नाही. त्यामुळं मत पडताळता यायला हवं, पण मत सिद्ध करता येता कामा नये. या दोन गोष्टी एकत्र जमवणं सोपं नाही.

त्यातून निघालेली वाट म्हणजे व्हीव्हीपॅट. बटण दाबल्यावर काचेमागं चिठ्ठी दिसते, सात सेकंद, आणि मग बंद पेटीत पडते. घरी नेता येत नाही, पण मोजता येते. ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशी कागदी नोंद गरजेची आहे असं सांगितलं, आणि २०१९ च्या लोकसभेला ती देशभर आली. २०१४ च्या पर्वतीच्या निवडणुकीवेळी बहुतेक ठिकाणी ही सोय नव्हती. असती तर चिठ्ठ्या मोजून एका दिवसात सोक्षमोक्ष लागला असता, हैदराबादला जावं लागलं नसतं. आता मात्र प्रत्येक विधानसभा क्षेत्रात फक्त पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राशी ताळा घेतात. सगळ्या मोजा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयानं २६ एप्रिल २०२४ ला फेटाळली. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना पाच टक्के यंत्रं तपासून मागण्याचा हक्क दिला. माझं मत विचाराल तर पाच केंद्रं थोडी आहेत. गटाची वही आपण वर्षातून एक पान उघडून तपासत नाही.

आणि एक गोष्ट गावात फार कुणाला माहीत नसते. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, महापालिका या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, आणि तिथं ही चिठ्ठी नसते. फेब्रुवारी २०१७ मध्ये पुणे महापालिकेचा निकाल लागल्यावर हरलेल्या उमेदवारांनी यंत्राची प्रतीकात्मक अंत्ययात्राच काढली. तमाशा म्हणून सोडून द्यायचं तर द्या, पण मोजून दाखवायला तेव्हा कागद नव्हताच.

जर्मनीच्या घटना न्यायालयानं मार्च २००९ मध्ये यंत्रं वापरणं थांबवलं ते याच मुद्द्यावर. यंत्रात घोटाळा सापडला होता असं नाही. निवडणुकीतली महत्त्वाची प्रत्येक पायरी सामान्य नागरिकाला, खास शिक्षण नसताना, तपासता आली पाहिजे, असं त्या न्यायालयाचं म्हणणं.

संशय तसाच ठेवला की काय होतं, ते २०२४ मध्ये आपण पाहिलं. विधानसभेच्या निकालानंतर ९५व्या वर्षात असलेले बाबा आढाव पुण्यात महात्मा फुले वाड्यात तीन दिवस उपोषणाला बसले. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीनं ठरवलं, आपण गावातच कागदावर पुन्हा मतदान घेऊन बघू. ३ डिसेंबरची तारीख ठरली, जमावबंदी लागली, मतदान झालं नाही. गंमत म्हणजे गावाचा ज्यांच्याकडं ओढा होता, ते उत्तम जानकर निवडून आलेच होते. गावाचा प्रश्न एवढाच होता की आमच्या गावातून मतं कमी कशी? आता खरं सांगायचं तर असं मतदान काही सिद्ध करू शकलं नसतं. सगळं गाव बघत असताना, कॅमेरे लागले असताना टाकलेलं मत आणि आडोशामागचं मत एक नसतं. पण पोलीस आणून ते थांबवल्यानं संशय कमी झाला असं मात्र नाही.

सगळ्याच आरोपांत तथ्य असतं असंही नाही. जून २०२४ मध्ये मुंबई वायव्य मतदारसंघात रवींद्र वायकर फक्त ४८ मतांनी निवडून आले. गोरेगावच्या मोजणी केंद्रात मोबाइल आत नेल्याचा गुन्हा नोंदला गेला, आणि एका वर्तमानपत्रानं छापलं की त्या मोबाइलवर ओटीपी घेऊन यंत्र उघडलं. निवडणूक अधिकाऱ्यांनी त्याच दिवशी सांगितलं, मतदान यंत्राला ओटीपी लागतच नाही. ओटीपी लागतो तो आकडे संगणकात भरायच्या प्रणालीला. वर्तमानपत्रानं चूक कबूल केली. पण मोबाइल आत गेलाच कसा, हा प्रश्न खराच होता. चुकीच्या आरोपाच्या गदारोळात तो मागं पडला.

आपल्या जवळची घटना सांगते. सासवड, पुरंदर तालुका, दिवे घाट चढून गेलं की लागतं. फेब्रुवारी २०२४, लोकसभेची तयारी सुरू. तहसील कार्यालयातल्या स्ट्राँग रूममधून लोकांना दाखवण्यासाठी ठेवलेल्या एका यंत्राचं कंट्रोल युनिट चोरीला गेलं. पोलिसांनी चोर पकडले, युनिट परत मिळालं, आणि आयोगाच्या आदेशावरून तीन अधिकारी निलंबित झाले. ते मतदानाचं यंत्र नव्हतं, प्रात्यक्षिकाचं होतं, हे खरं. पण मुंबईच्या कस्टम हाऊसनंतर चौदा वर्षांनी पुन्हा तीच गोष्ट, खोलीचं दार आणि किल्ली. यंत्राला नाशिकच्या सरकारी छापखान्यात छापलेली क्रमांकाची कागदी सीलं लावतात, त्यांवर उमेदवारांचे प्रतिनिधी सह्या करतात. ही सीलं काही पोलादाची नसतात. कुणी उघडलं तर कळावं, एवढंच त्यांचं काम. सही करणाऱ्यानं क्रमांक लिहून घेतला नाही, तर तेवढंही होत नाही.

आता यादीकडं येते. यंत्राला इंटरनेट नाही, पण यादीला आहे. नाव घालायचा, हलवायचा, काढायचा अर्ज घरबसल्या मोबाइलवरून करता येतो. सोय चांगली आहे. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा मतदारसंघात नवीन नावांसाठी अर्जांचा पूर आला. तपासणीत सुमारे ६,८०० अर्ज खोटे निघाले, ते फेटाळले आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला. तिथला निकाल पुढं तीन हजारांच्या आसपासच्या फरकानं लागला, यावरून अंदाज करा. वेळीच सापडले ते पडताळणी करणाऱ्यांनी जागेवर बघितलं म्हणून. घरोघरी फिरणाऱ्या माणसाला संगणकानं सुट्टी दिली असती, तर सापडले नसते.

सरकारी सेवांचंही तसंच. २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या सर्व्हरवर खंडणी मागणारा व्हायरस आला. म्हणजे माहितीला कुलूप घालायचं आणि किल्लीचे पैसे मागायचे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर तोच प्रसंग आला, तेव्हा दोनेक आठवडे केसपेपर पुन्हा हातानं लिहावे लागले. पण आपल्या दाराशी चोर येतो तो इतका हुशार नसतो. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली. पनवेलच्या एका बाईचा अर्ज अडला, कारण तिच्या आधार क्रमांकावर आधीच कुणीतरी अर्ज भरून मंजूर करून घेतला होता. शोध लागला तो सातारा जिल्ह्यात. एकाच घरातून दुसऱ्या बायकांचे आधार क्रमांक घालून तीसच्या आसपास अर्ज भरले होते. कुठलाही संगणक फोडलेला नव्हता. तिथंही मध्ये उभं राहून दुसरीच्या नावानं बोलणं, एवढंच होतं. आपण आधारची छायाप्रत कितीजणांकडं सोडतो? झेरॉक्सचं दुकान, फॉर्म भरून देणारा मुलगा, कर्जवाला, सिमकार्डवाला. त्यावर ‘कशासाठी’ आणि ‘कधी’ हे आडवं लिहून द्यायला दोन सेकंद लागतात. आणि ओटीपी विचारणारा गटाचाच माणूस असला तरी, तो कशाचा आहे हे संदेश पूर्ण वाचून घ्या. वाचता येत नसेल तर पोरीकडून वाचून घ्या, मागणाऱ्याकडून नको.

यादीचं पण एक काम आहे. यादी प्रसिद्ध झाली की बीएलओकडं, म्हणजे बऱ्याच गावांत आपल्या अंगणवाडी सेविकेकडं किंवा शिक्षकांकडं, गटानं मिळून जायचं. आपली नावं तर बघायचीच, पण लग्न होऊन आलेल्या सुनांची आणि नांदायला गेलेल्या लेकींचीही बघायची. माहेरच्या यादीतून काढलं, सासरच्या यादीत चढलं नाही, अशा मुली प्रत्येक वाडीत दोन-चार निघतात. नाव काढा असा अर्ज दुसऱ्या कुणी केला, तर तुम्हाला नोटीस यायला हवी, तो तुमचा हक्क आहे.

आणि मतदानाच्या दिवशीचं. विधानसभा-लोकसभेला मतदान सात वाजता सुरू होणार असेल, तर साडेपाचला सराव मतदान होतं. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर निदान ५० मतं टाकून, मोजून, चिठ्ठ्यांशी ताळा लावून यंत्र पुन्हा कोरं करतात. संध्याकाळी किती मतं पडली याचा आकडा नमुना १७ सी मध्ये लिहून प्रतिनिधींना त्याची सही केलेली प्रत देतात. मोजणीच्या दिवशी ताळा लावायला गावाकडं असलेली ही एकच वही. प्रतिनिधी म्हणून बाईला बसता येतं, कसलीही आडकाठी नाही. पण पहाटे साडेपाचला आपण पाणी भरत असतो, चूल पेटवत असतो, डबे करत असतो, आणि यंत्राभोवती उभे असतात ते सगळे पुरुष. पुढच्या बैठकीत विषय काढून बघा, त्या एका दिवशी कुणाच्या घरचं पाणी कोण भरू शकेल.